ऐंशी अंशांची वेस

१८०० सालच्या मे महिन्याची दुसरी तारीख. अँथनी कार्लाइल हा शस्त्रवैद्य आणि विल्यम निकल्सन हा विज्ञानाच्या मासिकाचा संपादक, अशा दोघांनी लंडनमध्ये चांदीची अर्ध्या क्राउनची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे यांची एक चळत रचली होती. अशी चळत रचली की वीज वाहते, असं पत्र इटलीच्या व्होल्टाने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना धाडलं होतं आणि ते छापून येण्याआधीच या दोघांना वाचायला मिळालं होतं. काचेच्या नळीत त्यांनी न्यू रिव्हरचं, म्हणजे लंडनकरांच्या रोजच्या वापराचं, पाणी भरलं. दोन्ही टोकांच्या बुचांतून पितळी तारा आत सोडल्या आणि त्या चळतीला जोडल्या. एका तारेवरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघू लागले. दुसऱ्या तारेवर वायू दिसेना. तिचं टोक आधी गडद नारिंगी झालं, मग काळं पडलं.

विज्ञानाच्या इतिहासात या दिवसाची नोंद आहे ती बुडबुड्यांसाठी. मला त्यातली काळी पडलेली तार जास्त महत्त्वाची वाटते. ऑक्सिजन निघत होता, पण बाहेर न येता पितळ खात होता. निकल्सन आणि कार्लाइलने पुढे प्लॅटिनमच्या तारा लावल्या, तेव्हा कुठे दोन्ही वायू मिळाले. पाणी विजेने फुटतं हे कळलं त्याच बैठकीत हेही कळलं की ज्या उपकरणात ते फोडायचं, ते उपकरण हळूहळू स्वतःला खात असतं. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं या विषयात जे काही झालं, त्यातला मोठा वाटा हे खाणं लांबवण्याचा आहे. आणि त्या लांबवण्यात धातूइतकीच, किंबहुना जास्तच, कामी आली ती एक साधी गोष्ट : पाणी फोडणारा सेल किती गरम होऊ द्यायचा, यावरचा ताबा.

उष्णतेचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो जेम्स प्रेस्कॉट जूलने. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये त्याच्या बापाची बिअरची भट्टी होती. तापमान अचूक मोजण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. १८४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने तारेतून वीज वाहताना होणाऱ्या उष्णतेवर निबंध लिहिला. शाळेत आपण जूलचा नियम शिकतो तो तिथलाच. पण त्या निबंधाचा दुसरा भाग शाळेत कुणी सांगत नाही. त्यात जूलने पाण्यातून वीज सोडून तिथली उष्णताही मोजली होती. त्याला दिसलं की बॅटरीच्या जोरापैकी काही भाग पाणी फोडण्यात खर्ची पडतो आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे पाणी फोडणारा प्रत्येक सेल ही नाइलाजाने एक शेगडीही असते. तिची धग किती, हे जूलमुळे आकड्यात सांगता येऊ लागलं.

आता थोडं गणित सोसावं लागेल, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. नेहमीच्या तापमानाला पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. पण एवढ्यावर भागवायचं तर उरलेली ऊर्जा पाणी भोवतालच्या उष्णतेतून ओढून घेतं. बाहेरून उष्णता न घेता सगळं विजेवरच निभवायचं, तर १.४८ व्होल्ट पडतात. कारखान्यातल्या सेलला प्रत्यक्षात दिले जातात १.८ ते २ व्होल्ट, कधी त्याहून जास्त. १.४८ च्या वर जे काही दिलं, ते सगळं उष्णता होऊन बसतं. एक किलो हायड्रोजन काढायला दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. १.९ व्होल्टवर चालणारा सेल किलोमागे साडेपन्नास युनिट खातो. त्यातली ३९ युनिट हायड्रोजनमध्ये साठतात, अकरा युनिट सेल तापवतात. तासाला अडीच हजार किलो हायड्रोजन काढणारा कारखाना धरला, तर तिथे सतत सुमारे साडेसत्तावीस मेगावॉटची धग निर्माण होत असते, आणि ती कुठेतरी काढून टाकावी लागते.

ही धग नुसती शत्रू असती तर प्रश्न सोपा होता. ती मित्रही आहे. पाण्यात मिसळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून, म्हणजे अल्कलीतून, वीज गरमपणी जास्त सहज वाहते, इलेक्ट्रोडवरची रासायनिक क्रिया वेग घेते आणि त्यामुळे लागणारे व्होल्ट उतरतात. ०.१ व्होल्ट वाचला तरी किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वाचतात. कारखान्याच्या बिलात ही रक्कम लहान नव्हे. पण जी उष्णता हवी ती क्रिया वाढवते, तीच उष्णता नको ती क्रियाही वाढवते. लोखंड गंजणं, दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्याचे धागे विरघळणं, रबरी गॅस्केट मऊ पडणं या सगळ्यांना वेग येतो. स्वांटे अर्‍हेनिअसने १८८९ साली तापमान आणि क्रियेचा वेग यांचं नातं समीकरणात बांधलं. रसायनशास्त्राचे विद्यार्थी त्यावरून ढोबळ आडाखा बांधतात : दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. गंजही याला अपवाद नाही.

यात आणखी एक फेरा आहे. सेल जुना झाला, इलेक्ट्रोड थकले, की तेवढाच वायू काढायला जास्त व्होल्ट लागतात. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त उष्णता. जास्त उष्णता म्हणजे आणखी झीज. नवा सेल थंड ठेवणं सोपं असतं. म्हातारा सेल थंड ठेवण्यासाठी बेतलेली शीतयंत्रणा नव्या सेलच्या दिवशी गरजेपेक्षा मोठी दिसते आणि खरेदी खात्याला ती उधळपट्टी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी फोडणं प्रयोगशाळेतून बाहेर आलं. रशियात दिमित्री लाचिनोव्हने १८८८ मध्ये औद्योगिक पद्धत मांडली. फ्रान्समध्ये कर्नल शार्ल रेनार्दला लष्करी फुग्यांसाठी हायड्रोजन हवा होता. त्याने प्लॅटिनमचा नाद सोडला. लोखंड कॉस्टिकच्या द्रावणात बऱ्यापैकी टिकतं, म्हणून लोखंडी इलेक्ट्रोड घेतले आणि दोन वायू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाचा पडदा लावला. लोखंड, कॉस्टिक आणि अ‍ॅस्बेस्टॉस ही तिकडी पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकली. डेन्मार्कच्या आस्कोव्ह गावात पोल ला कूर या शाळामास्तराने तर १८९१ पासून पवनचक्कीच्या विजेवर पाणी फोडायला सुरुवात केली. वारा असेल तेव्हा वायू साठवायचा, अंधार पडला की त्यावर शाळेतले दिवे लावायचे. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळल्यामुळे त्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा उडाल्याचं सांगतात. कमी-जास्त होणाऱ्या विजेवर सेल चालवण्याचं दुखणं त्या मास्तरांना सगळ्यांआधी भेटलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८९९-१९०० च्या सुमाराला झुरिकच्या ओस्कर श्मिटने इलेक्ट्रोड आणि पडदे एकामागे एक रचून मोठ्या बोल्टांनी आवळलेली बांधणी आणली. तिची निर्मिती ओर्लिकॉन कंपनीने केली. १९०२ पर्यंत पाणी फोडणारी चारशेहून जास्त औद्योगिक यंत्रं, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, जगात चालू होती. ही बांधणी आटोपशीर होती, पण तिने उष्णतेचा प्रश्न टोकदार केला. उघड्या टाकीतला सेल चारही बाजूंनी हवेत धग सोडतो. आवळलेल्या चळतीच्या मधल्या सेलला दोन्ही बाजूंना शेजारीच असतात आणि तेही तापलेले. आता धग बाहेर न्यायची तर द्रावणालाच फिरवायला हवं. बुडबुडे द्रावणाला वर उचलतात, वरच्या पिंपात वायू सुटा होतो आणि उरलेलं गरम द्रावण गार पाण्याच्या नळ्यांवरून, गाळणीतून परत खाली येतं. आजही जगातला बहुतेक अल्कली इलेक्ट्रोलायझर याच रीतीने थंड होतो.

या विद्येचं पहिलं मोठं तीर्थक्षेत्र म्हणजे नॉर्वेतलं र्‍यूकान. खोल दरीत वसलेलं हे गाव सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सूर्य पाहत नाही. गावातल्या लोकांना हिवाळ्यात ऊन खायला मिळावं म्हणून नॉर्स्क हायड्रो कंपनीने १९२८ मध्ये डोंगरावर जाणारा रज्जुमार्ग बांधून दिला, तो अजून चालतो. ही कंपनी १९०५ साली साम आइडे याने उभी केली. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायचं आणि त्यासाठी लागणारी वीज धबधब्यांतून काढायची, असा बेत होता. १९११ मध्ये सुरू झालेलं र्‍यूकानजवळच्या व्हेमोर्कचं वीजघर त्या काळी जगातलं सर्वांत मोठं होतं, १०८ मेगावॉटचं. आधीची खताची पद्धत विजेच्या ठिणगीवर चालायची आणि फार वीज खायची. अमोनियाची नवी जर्मन पद्धत आल्यावर कंपनीने ती घेतली. जर्मनांना हायड्रोजन कोळशापासून मिळायचा. नॉर्वेकडे कोळसा नव्हता, पाणी होतं. १९२७ मध्ये नोटोडेनला छोट्या इलेक्ट्रोलायझरवर हात बसवून १९२९ मध्ये व्हेमोर्कच्या वीजघरापुढे कंपनीने हायड्रोजनचा कारखाना उभा केला. सेल पेखक्रान्त्स बनावटीचे होते.

र्‍यूकानबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते युद्धाबद्दल. अणुभट्टीसाठी लागणारं जड पाणी, २७ फेब्रुवारी १९४३ ची रात्र, बर्फातून दरी ओलांडून आलेले नॉर्वेजियन कमांडो, तळघरातले अठरा सेल उडवून देणं, नोव्हेंबरातला अमेरिकन विमानांचा हल्ला आणि २० फेब्रुवारी १९४४ ला टिन सरोवरात बुडवलेली फेरीबोट. कथा थरारक आहे आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. पण ते जड पाणी तिथे होतं कसं, याचं उत्तर सेलच्या रोजच्या चालण्यात आहे. वीज सोडली की हलका हायड्रोजन आधी निघून जातो, जड मागे राहतो. सेलमागून सेल हे करत गेलं की पाण्यातला जड भाग वाढत जातो. लाइफ ट्रॉनस्टाड आणि योमार ब्रून यांनी १९३४ मध्ये यातून उद्योग उभा केला. आता यातला पेच असा की ही निवड सेल थंड असताना चांगली होते. तापमान वाढलं की हलक्या-जडातला भेदभाव कमी होतो. खतासाठी चालवायचा तर सेल गरम बरा, जड पाण्यासाठी चालवायचा तर थंड बरा. एकाच कारखान्यात एकाच पाण्याकडून दोन्ही कामं करून घ्यायची होती.

खताच्या बाजूने अनुभवाने जी मर्यादा ठरली ती साधारण सत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअसची. त्याखाली वीज वाया जाते. नव्वदच्या पुढे गेलं की अ‍ॅस्बेस्टॉस धीर सोडतो. आगीत न जळणारा म्हणून ज्याची ख्याती, तो गरम पोटॅशमध्ये मात्र हळूहळू विरघळतो, कारण शेवटी तो मॅग्नेशिअमचा सिलिकेट आहे आणि सिलिकेट अल्कलीपुढे टिकत नाही. पडदा पातळ झाला की हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. ऑक्सिजनमध्ये त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीची वाट पाहायची. म्हणून ऐंशी अंश ही जगभरच्या अल्कली इलेक्ट्रोलायझरची वेस झाली. ती कुठल्या परिषदेने ठरवली नाही. लोखंड, निकेलचा मुलामा, अ‍ॅस्बेस्टॉस आणि रबर यांतला सर्वांत कच्चा गडी जिथपर्यंत तग धरतो, तिथे ती आखली गेली.

र्‍यूकानचं चाक १९७१ पर्यंत फिरलं. उत्तरेकडे ग्लोमफ्योर्डला १९५३ साली सुरू झालेला तसाच कारखाना १९९१ पर्यंत चालला. पडदे बदलले गेले, इलेक्ट्रोडवर पुन्हा निकेल चढवलं गेलं, पण सेल चाळीस-चाळीस वर्षं कामात राहिले. याचं श्रेय नॉर्वेच्या कारागिरीला देण्याची पद्धत आहे आणि त्यात तथ्यही आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. धबधब्याची वीज कमालीची स्वस्त होती. व्होल्ट वाचवण्यासाठी सेल तापवण्याचा मोह त्यांना झालाच नाही. शिवाय धबधबा रात्रंदिवस सारखा वाहतो. वीज सारखी, म्हणून उष्णता सारखी, म्हणून तापमान सारखं. बोल्ट एकदा आवळले की महिनोन्‌महिने त्यांना प्रसरण-आकुंचन माहीत नाही. त्या सेलचं दीर्घायुष्य धातूइतकंच या एकसुरीपणाचं होतं.

वेस ओलांडायचा पहिला सभ्य प्रयत्न दाबाच्या वाटेने झाला. ई. ए. झ्डान्स्कीने १९४८ च्या सुमाराला तीस वातावरणांच्या दाबाखाली चालणारा इलेक्ट्रोलायझर आणला. पुढे लुर्गी कंपनीने तो जगभर विकला आणि पेरूतल्या कुस्कोजवळच्या खत कारखान्यातही तो बसला. दाबाखाली बुडबुडे लहान होतात, पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे नव्वद अंशांपर्यंत जाणं सोसतं. पण पडदा अ‍ॅस्बेस्टॉसचाच होता, म्हणून झेप दहा अंशांचीच ठरली.

मग भारत. भाक्रा-नांगलची वीज येणार, पण पंजाबात ती वापरणारे उद्योग अजून उभे नाहीत, अशी १९५० च्या दशकातली परिस्थिती होती. या शिलकी विजेवर खत काढायचं ठरलं. सतलजकाठी नांगलला कारखाना उभा राहिला आणि १९६१ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. इलेक्ट्रोलायझर मिलानच्या दे नोरा कंपनीचे होते. विजेची भूक दीडशे मेगावॉटच्या वर. पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होत असे. आजच्या हरित हायड्रोजनच्या घोषणा ऐकताना हे आठवायला हवं की धरणाच्या विजेवर, कोळसा किंवा तेल न जाळता, अमोनिया काढणारा प्रचंड कारखाना आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी चालू होता.

होमी भाभांच्या अणुऊर्जा खात्याची नजर त्याच कारखान्यावर होती. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीसाठी जड पाणी अमेरिकेकडून आणावं लागलं होतं. परक्याच्या मेहेरबानीवर राहायचं नसेल तर जड पाणी घरी काढणं भाग होतं. र्‍यूकानची युक्ती नांगलला लागू पडत होती. ऑगस्ट १९६२ मध्ये तिथे भारताचं पहिलं जड पाणी संयंत्र सुरू झालं, वर्षाला चौदा टन क्षमतेचं. जर्मनीच्या लिंडे कंपनीची पद्धत अशी की सेलमधून निघालेला, जड हायड्रोजनने थोडा समृद्ध झालेला वायू थंड करत करत द्रवरूप करायचा आणि मग त्याचं ऊर्ध्वपातन करायचं. हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो. म्हणजे एकाच आवाराच्या एका टोकाला गरम पोटॅशचे सेल आणि दुसऱ्या टोकाला उणे अडीचशेची थंडी, असा प्रकार. तापमानाची शिस्त पाळायला शिकवणारी याहून कडक शाळा त्या काळी देशात दुसरी नसावी.

पण नांगल म्हणजे र्‍यूकान नव्हे. भाक्राच्या विजेवर हक्क सांगणारे वाढत गेले. हरितक्रांती आली, विहिरींवर मोटारी बसल्या, शहरं वाढली, आणि शिलकी वीज शिलकी राहिली नाही. पावसाने ओढ दिली की धरणाची वीज आणखी आखडायची. इलेक्ट्रोलायझरला वीज कमी मिळते तेव्हा काय होतं हे पाहण्यासारखं आहे. वीज घटली की उष्णता घटते, द्रावण गार पडतं, आवळलेली चळत आकसते आणि गॅस्केटांच्या कडांतून कॉस्टिक पाझरू लागतं. वायूचं उत्पादन कमी होतं, पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. त्यामुळे ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण वाढतं आणि धोक्याच्या रेषेकडे सरकतं. वीज पूर्ण तुटली तर त्याहून वाईट. आत उरलेल्या वायूंमुळे सेल काही काळ बॅटरीसारखा उलटा वाहतो, आणि एरवी सुरक्षित असलेला कॅथोड गंजायला लागतो. परत वीज आली की सगळं पुन्हा तापवायचं, पुन्हा प्रसरण. सारख्या चालीवर चाळीस वर्षं टिकणारा सेल या चढ-उतारांत किती लवकर थकतो, हे कळायला संशोधन लागत नाही.

१९७८ मध्ये नांगलला इंधन तेलापासून हायड्रोजन काढणारा नवा कारखाना आला आणि पाणी फोडणं मागे पडलं. इजिप्तमध्ये आस्वानच्या विजेवर १९६० पासून चालणारा किमा कंपनीचा कारखानाही पुढे नैसर्गिक वायूकडे वळला. सगळीकडे कारण एकच : वीज महाग झाली आणि तेल किंवा वायू जवळ आला.

गंमत अशी की ज्या तेलाने हे कारखाने मागे टाकले, त्याच तेलाने १९७३ मध्ये भाव चौपट केल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा पाण्याकडे वळले. या वेळी मात्र स्वस्त धबधबे हाताशी नव्हते. वीज महाग, म्हणून व्होल्ट वाचवायचे, म्हणून तापमान वाढवायचं. युरोप, कॅनडा आणि जपानमधल्या प्रयोगशाळांनी १२०, १५० अंशांची उद्दिष्टं घेतली. कागदावर बचत भरघोस होती. प्रत्यक्षात अ‍ॅस्बेस्टॉस विरघळला. ताणाखालचं पोलाद गरम कॉस्टिकमध्ये तडकलं. नवे पडदे शोधले गेले : पोटॅशिअम टायटनेट, टेफ्लॉनने बांधलेले धागे, निरनिराळी प्लास्टिकं. काही महाग पडले, काहींना पाणी चिकटेना, काही हजार-दोन हजार तासांत गेले. त्या दशकातल्या बऱ्याच प्रकल्पांचं मूळ दुखणं मला असं वाटतं की त्यांनी व्होल्ट मोजले पण तास मोजले नाहीत. त्या काळातली कायमची कमाई थोडी नंतर, बेल्जियममध्ये झाली. पॉलिसल्फोन आणि झिर्कोनियाचा झिरफॉन पडदा निघाला आणि अ‍ॅस्बेस्टॉसला पर्याय मिळाला. युरोपने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आणली, तेव्हाही जुन्या इलेक्ट्रोलायझरच्या पडद्यांना सूट द्यावी लागली होती. इतकं त्याचं बस्तान पक्कं होतं.

त्याच काळात दोन वेगळ्या वाटा फुटल्या. एक अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकची, द्रावणाऐवजी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वापरणारी. अंतराळयानांच्या इंधनघटांतून निघालेला हा सेल पुढे पाणबुड्यांत ऑक्सिजन पुरवू लागला. त्याचा पापुद्राही तापला की विरतो, आणि विरतो आहे हे कळतं ते बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सापडू लागल्यावर. त्यामुळे हा नवा सेलही फिरून पन्नास ते ऐंशी अंशांच्या आतच आला. दुसरी वाट थेट उलट टोकाची. वाल्थर नेर्न्स्टने १८९० च्या दशकाअखेरीस जो तापल्यावर वीज वाहणारा चिनीमातीसारखा पदार्थ दिव्यासाठी वापरला, त्याच्या भाऊबंदांत जर्मनीच्या डॉर्निअर कंपनीने १९७५ ते १९८७ दरम्यान हजार अंशांच्या आसपास वाफ फोडून दाखवली. तिथे कामाचा काही भाग उष्णताच करते, १.३ व्होल्टच्या आसपास भागतं. पण सेल तापवताना किंवा निवताना घाई केली की तडा जातो. पुढच्या पिढीने तापमान आठशे, सातशेपर्यंत उतरवलं ते आयुष्यासाठीच. कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत एक सेल सुमारे ८५० अंशांवर तेवीस हजार तास चालवला गेला, २०१७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेवीस हजार तास म्हणजे अडीच वर्षांहून थोडं जास्त. या वाटेवर तो पराक्रमच आहे. ग्लोमफ्योर्डशी तुलना मात्र करू नये.

आज सगळीकडे हायड्रोजनचा बोलबाला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सेलसाठी ऐंशी हजार तासांच्या आयुष्याचं लक्ष्य ठेवलं आहे, म्हणजे सतत चालला तर नऊ वर्षं. ‘सतत’ हा त्यातला कळीचा भाग, कारण आजची वीज सूर्याची आणि वाऱ्याची आहे. प्रश्न ऐंशी अंशांचा राहिलेला नाही, रोज सकाळी तीस-चाळीसवरून ऐंशीवर जाण्याचा आणि रात्री परत खाली येण्याचा आहे. आस्कोव्हच्या मास्तरांचं दुखणं हजारो पटीने मोठं होऊन परत आलं आहे. ढग सरकला की वीज मिनिटात चढते, पण टाक्यांतलं हजारो लिटर द्रावण तितक्या लवकर हलत नाही. बंबाखालचा जाळ ओढून घेतला तरी आतलं पाणी काही वेळ तापतच राहतं, तसं. थंड पाण्याची झडप उघडेपर्यंत तापमान वेस ओलांडून गेलेलं असतं, आणि मग झडप जास्त उघडली की खाली कोसळतं. शिवाय तापमापक बसवलेला असतो बाहेर पडणाऱ्या द्रावणाच्या नळीत. चळतीच्या मधोमध, पडद्यालगत, त्याहून गरम जागा असतात आणि झीज तिथूनच सुरू होते. म्हणून आता वीज वाढण्याआधीच तिचा अंदाज घेऊन थंडावा सोडणारे नियंत्रक, रात्री द्रावण उबदार ठेवणाऱ्या टाक्या, थांबताना उलटा प्रवाह रोखणारा थोडासा विद्युत्‌दाब, असे उपाय होत आहेत. यातला एकही उपाय नवा धातू मागत नाही. बहुतेकांची किंमत सेलच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

आपल्या देशाने ४ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटी रुपयांचं. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट आहे. मोठे प्रकल्प ज्या कच्छ-राजस्थानकडे पाहतात, तिथे उन्हाळ्यात हवाच पंचेचाळीस अंशांची असते आणि थंडाव्यासाठी पाणी कमी. नॉर्वेत सेल आणि हवा यांत सत्तर अंशांचं अंतर मिळायचं, इथे पस्तीस. धग तेवढीच, ती टाकायला जागा निम्मी. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातलं आयुष्य या हवेत तसंच मिळेल असं धरून चालणं महागात पडेल. नांगलच्या सेलनी सतलजकाठचा उन्हाळा आणि तुटक वीज दोन्ही सोसले होते, आणि त्यांचा अनुभव आपल्याकडच्या हायड्रोजनविषयक चर्चेत मला क्वचितच दिसतो. तिथे पाळ्यांवर काम केलेले इंजिनिअर, फोरमन, फिटर आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तापमान किती अंशांवर गेलं की कुठलं गॅस्केट आधी सुटायचं आणि पडदे किती वर्षांनी बदलायला लागायचे, हे त्यांनी हाताने शिकलेलं आहे. तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या.